मावळ्याच्या अंगरख्याचा रंग

दिवाळी जवळ आली की आपल्या इतिहासप्रेमी वर्तुळात किल्ल्यांच्या प्रतिकृतींची चर्चा सुरू होते. महादरवाजा गोमुखी आहे की नाही, बालेकिल्ला प्रमाणात आहे की नाही, चिलखती बुरुज दाखवला की विसरला, यावर रात्र रात्र वाद झडतात. हे वाद मला प्रिय आहेत. परंतु तटावर, दरवाजात आणि पायऱ्यांवर आपण जी बोटभर उंचीची माणसे उभी करतो, त्यांच्याविषयी कोणीच काही विचारत नाही. आजचा धागा त्या माणसांविषयी आणि त्यांना रंग देणाऱ्या हातांविषयी आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

माझे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो. गेल्या काही वर्षांत विशी-तिशीतली पुष्कळ मंडळी लहानपणी सोडलेल्या या छंदाकडे परतली आहेत. हाती आता शाळेतल्या जलरंगाच्या वड्या नाहीत. एअरब्रश आहे, कॉम्प्रेसर आहे, उत्तम ॲक्रिलिक रंग आहेत. मीही त्यांतलाच एक. या साधनांचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र त्यांच्या सोयीला भुलून आपण शिवकालीन सैन्याच्या अंगावर एक असा गणवेष चढवीत आहोत, जो त्या सैन्याने कधी घातला नव्हता. ही केवळ सौंदर्यदृष्टीची बाब मला वाटत नाही. बहुतेक मराठी मुलांच्या आयुष्यातले इतिहासाचे पहिले दृश्य पाठ्यपुस्तकात नसते, ते अंगणातल्या या किल्ल्यावर असते.

पुण्यात किल्ल्यावर मांडायच्या बाहुल्यांना 'चित्रे' म्हणतात. बाहेरगावच्या वाचकांना हा शब्द चकवतो. चित्र म्हणजे कागदावरचे नव्हे, तर साच्यातून काढलेली आणि रंगवलेली मातीची किंवा प्लॅस्टरची आकृती. सिंहासनावरचे महाराज, भालदार-चोपदार, तोफा, मावळे, गवळण, वासुदेव आणि इतिहासाशी काडीचा संबंध नसलेला वाघ, असा हा सारा परिवार कसबा पेठेच्या कुंभारवाड्यात दिवाळीपूर्वी ओळीने मांडलेला दिसतो. ही कारागिरी अलीकडची नाही. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये शहरातल्या उद्योगांची गणना आहे. तांब्यापितळेची भांडी, रेशीम, जर, हस्तिदंती फण्या यांच्या बरोबरीने त्यात मातीच्या रंगीत आकृतींचाही उल्लेख येतो.

मात्र त्या जुन्या आकृतींना निरागस समजण्याचे कारण नाही. मुंबईत भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने लोकांसाठी खुले झाले. तिथल्या काचेच्या कपाटांमधून मातीच्या लहान आकृती रांगेने उभ्या आहेत: निरनिराळ्या जातींची, पंथांची, धंद्यांची माणसे. काम इतके बारीक की पाहणारा थक्क होतो. परंतु त्या मांडणीमागची दृष्टी वसाहतीच्या काळाची आहे. एक जात, एक पोशाख, एक नमुना. त्या कपाटातला माणूस व्यक्ती म्हणून उभा नाही. वर्गवारीतला एक खण भरण्यासाठी उभा आहे. म्हणजे लहान आकृतीला रंग देताना माणसाचा 'नमुना' करून टाकण्याचा मोह जुनाच आहे. आपल्या नव्या साधनाने तो फक्त स्वस्त आणि वेगवान केला.

आता साधनाविषयी. एअरब्रशचे मूळ १८७०च्या दशकातल्या अमेरिकेत आहे. चार्ल्स बर्डिकने १८९३ साली त्याचे बरेचसे आजच्यासारखे रूप सिद्ध केले. दाबाखालची हवा एका बारीक नोझलमधून जाते, जाताना रंग ओढून घेते आणि त्याचे सूक्ष्म तुषार करते. एकाच कळीने हवा आणि रंग दोन्ही सांभाळायचे; कळ दाबली की हवा, मागे ओढली की रंग. लहान आकृतींसाठी ०.३ मिलिमीटरचे नोझल आणि साधारण १५ ते २० पीएसआय दाब पुरतो. रंग दुधाइतका पातळ हवा. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग चित्रकारांच्या हाती आले ते १९५०च्या दशकात. ते झटपट वाळतात आणि वाळल्यावर पाण्याने निघत नाहीत. हा झटपट वाळण्याचा गुणच एप्रिल-मे महिन्यांत जिवावर उठतो. रंग आकृतीवर पोहोचण्याआधी सुईच्या टोकावर सुकून बसतो आणि दर पाच मिनिटांनी हात थांबवून टोक पुसावे लागते. पाण्याचे रंग म्हणून तोंडावर मास्क न लावणारे मित्र मी पाहिले आहेत. तुषार फुप्फुसात जातातच. मास्क लावावा.

शाडूच्या आकृतीसाठी मात्र हे यंत्र वरदान आहे, आणि ते का, हे समजून घेण्यासारखे आहे. शाडूची मूर्ती भाजलेली नसते. ओल्या ब्रशने दोनदा एकाच जागी फिरवले की माती सुटून रंगात मिसळते आणि मावळ्याच्या मिशीचा चिखल होतो. एअरब्रशचा थर इतका पातळ असतो की तो मातीत मुरण्यापूर्वीच वाळतो. तीनचार हलके थर दिले की पृष्ठभाग बांधला जातो आणि मग त्यावर ब्रश निर्धास्त चालतो. दुसरी गोष्ट उजेडाची. आकृतीला आधी सर्व बाजूंनी काळा थर द्यायचा आणि मग माथ्याच्या दिशेने पांढरा तुषार सोडायचा. जिथे आकाशाचा उजेड पडला असता तिथे पांढरे राहते, ढालीखाली, काखेत, अंगरख्याच्या घेरात काळोख राहतो. वरून पारदर्शक रंग दिला की बोटभर माणसाला एकाएकी वजन येते. पूर्वी हे साधायला वर्षानुवर्षांचा सराव लागे.

हे ज्ञान आपल्याकडे परदेशी छंदकर्त्यांच्या चित्रफितींतून आले, असा एक समज आहे. गणपतीच्या कारखान्यात कधी पाऊल टाकलेला माणूस यावर हसेल. पेणच्या कारखान्यांतून मूर्तीच्या अंगाचा रंग, गालांवरची लाली, पितांबराची छटा कॉम्प्रेसरवर कितीतरी काळापासून दिली जाते. आणि तिथली कामाची वाटणी लक्षात घेण्याजोगी आहे. अंगाचा रंग यंत्राने होतो. डोळ्यांची आखणी हाताने होते, ब्रशने होते आणि ती सहसा कारखान्यातल्या सर्वांत मुरलेल्या माणसाकडे असते. शेकडो मूर्ती एका साच्यातल्या असूनही दोन मूर्तींची नजर अगदी सारखी नसते. या वाटणीत मला आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिसते.

उरलेले अर्धे आपल्या मांडणीतल्या गोंधळात आहे. आज विकत मिळणारा, किंवा रेझिनमध्ये त्रिमितीय मुद्रणाने घरी काढलेला मावळा पाहा. एका संगणकीय फाइलमधून पन्नास जण बाहेर पडतात. पन्नासांना एका बैठकीत एकच चकचकीत नारिंगी थर मिळतो. चेहरा सर्वांचा गुलाबी गोरा. तलवार चंदेरी, आरशासारखी. माण येथे मी राहतो. एका बाजूला हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान संकुलाचा तिसरा टप्पा, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरे. इथल्या नव्या गृहसंकुलांत दिवाळीत मोठे देखणे किल्ले होतात. रायगड असतो, प्रतापगड असतो. (याच मुळशी तालुक्यातला कोरीगड कोणी करत नाही, ही माझी जुनी खंत आहे, सलग तटबंदीचा इतका सुबक गड मातीत करायला किती छान.) त्या किल्ल्यांवरची फौज पाहिली की वाटते, ही सतराव्या शतकातल्या मावळची माणसे नसून कुठल्यातरी कारखान्याची सुटलेली पाळी आहे.

आता पुराव्याकडे येऊ. शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते, हे शाळेत आपण सर्वांनी पाठ केले आहे. बारगीराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा, आपले हत्यार घेऊन चाकरीस येई. गुण मिळवण्यासाठी पाठ केलेल्या या ओळीचा रंगाशी थेट संबंध आहे. जो स्वतःचा घोडा आणतो तो स्वतःचे कपडेही आणतो. गणवेषासाठी एकरंगी कापडाची ठोक खरेदी, ती रंगवणारी यंत्रणा आणि ती वाटणारे कोठार लागते. युरोपातही ही व्यवस्था तेव्हा नुकती आकार घेत होती. इंग्लंडच्या पार्लमेंटने उभारलेल्या 'न्यू मॉडेल आर्मी'ला लाल डगले मिळाले ते १६४५ साली. मराठी फौजांत एकसारखा पोशाख खऱ्या अर्थाने दिसतो तो अठराव्या शतकात, कवायती पलटणी उभ्या राहिल्यावर. उत्तरेत महादजी शिंद्यांसाठी द बॉयन्यने ज्या पलटणी घडवल्या, त्या या बदलाचे ठळक उदाहरण आहेत. तो गणवेष शंभर वर्षे मागे नेऊन जावळीच्या रानात चढवणे म्हणजे कालविपर्यास.

मग सणासुदीचे काय? सभासदाची बखर, जी राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली गेली, तिच्यात १६७७च्या भागानगर भेटीचे वर्णन आहे. कुतुबशहाच्या राजधानीत प्रवेश करण्यापूर्वी महाराजांनी आपल्या लोकांना जरीचा साज केला, असे सभासद सांगतो. मला या उल्लेखाचे महत्त्व उलट्या बाजूने वाटते. बखरकाराला हे मुद्दाम नोंदवावेसे वाटले, कारण ते नित्याचे नव्हते. दरबारासाठी फौज नटली. एरवी ती नटलेली नसे. आणि त्या दिवशीही साज मानाप्रमाणे चढला असणार, मापाप्रमाणे शिवून आलेला नव्हे.

आता रंगद्रव्य पाहा. ज्या झगझगीत नारिंगीवर आपण इतके प्रेम करतो, ती छटा निसर्गतः सुती कापडावर उमटतच नाही. पहिला व्यापारी यशाचा कृत्रिम रंग विल्यम पर्किनने १८५६ साली शोधला. त्याआधी सह्याद्रीतल्या माणसाकडे काय होते? मंजिष्ठेचा लाल, निळीचा निळा, हळदीचा आणि पळसफुलांचा पिवळा, करडईच्या फुलांतून निघणारा कुसुंबी. निळीवर हळद चढवून हिरवा. हिरडा आणि लोखंडाचे पाणी यांपासून काळा, आणि हिरड्याला आपल्या डोंगरात तोटा नाही. यांतले नीळ आणि मंजिष्ठा टिकाऊ. हळद आणि कुसुंबा उन्हात भराभर उडतात. म्हणजे महिनाभर मोहिमेवर असलेल्या माणसाचे पिवळे पागोटे मळकट पांढरे झालेले असणार आणि निळे मात्र निळेच राहिलेले असणार. शिवाय रंगवलेले कापड महाग. साध्या पाइकाच्या अंगावर न रंगवलेल्या सुताचा धुवट, पिवळसर पांढरा हाच रंग मुख्य मानावा लागतो. खांद्यावर घोंगडी, तीही न रंगवलेल्या लोकरीची: काळी, तपकिरी, करडी, ज्या मेंढीची लोकर तो रंग. एवढ्या छटा घेऊन बसा आणि मग सांगा, फौज कंटाळवाणी दिसते का.

भगव्याविषयी कोणी गैरसमज करून घेऊ नये. भगवा हा ध्वजाचा रंग आहे, त्या फौजेच्या माथ्यावर तो फडकत होता. पन्नास फिक्या, मळक्या, विटक्या अंगरख्यांच्या मध्यभागी एकच भगवा उभा केला तर तो दहा हातांवरून नजर ओढून घेतो. सारेच भगवे केले की ध्वज दिसेनासा होतो. चित्रकलेचा विद्यार्थी हे पहिल्या वर्षी शिकतो.

चेहऱ्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. सर्वांना एकच गुलाबी त्वचा देणारा तुषार मला अस्वस्थ करतो, कारण ते सैन्य एका रंगाचे, एका जातीचे, एका धर्माचे नव्हते. मावळातल्या खोऱ्याखोऱ्यांतले कुणबी होते, गडांच्या राखणीला रामोशी, महार, कोळी होते, आरमारावर भंडारी आणि कोळी होते. पायदळाच्या आरंभीच्या सरनोबतांत नूर बेगाचे नाव आहे. सिद्दी हिलाल महाराजांच्या बाजूने लढला. उन्हात रापलेले, आफ्रिकी वंशाचे, गव्हाळ, सावळे असे चेहरे एका तटावर उभे होते. एअरब्रशचा इतिहास ठाऊक असलेल्यांना इथे आणखी एक गोष्ट आठवेल. हे साधन पूर्वी छायाचित्रे 'सुधारण्यासाठी' फार वापरले जाई. स्टालिनच्या रशियात गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह मर्जीतून उतरला, तेव्हा मॉस्को कालव्याच्या काठी स्टालिनशेजारी उभ्या असलेल्या त्याला छायाचित्रातून पुसून तिथे नुसते पाणी दाखवण्यात आले. आपण हेतुपुरस्सर कोणाला पुसत नाही, हे मला मान्य आहे. पण एकाच छटेने फवारलेल्या तटावर नूर बेग शोधून दाखवा.

चुकीची प्रतिमा किती घट्ट बसते, याचे उदाहरण आपल्याच घरात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत शिवाजी महाराजांचे म्हणून जे एक चित्र सर्वत्र छापले जाई, ते वस्तुतः दुसऱ्याच व्यक्तीचे होते. वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून महाराजांचे अस्सल चित्र शोधले आणि १९३३ साली पुण्यात ते लोकांसमोर ठेवले, तेव्हा ती चूक दुरुस्त झाली. एका संशोधकाच्या चिकाटीमुळे आपल्याला राजाचा चेहरा मिळाला. पाइकाचा चेहरा शोधायला कोणी बेंद्रे येणार नाहीत. त्याचे नावही कागदावर नाही. त्याला आपण जसा रंगवू तसाच तो पुढल्या पिढीला दिसेल.

चित्रसाधने मुळीच नाहीत असेही नाही. इटालियन प्रवासी निकोलाव मनुचीने मीर महंमद नावाच्या चित्रकाराकडून जी चित्रे काढून घेतली, त्यांचा संग्रह पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात अश्वारूढ शिवाजी महाराज आहेत आणि त्यांच्यासोबत पायी चालणारी माणसे आहेत. रंगवायला बसण्यापूर्वी ते चित्र मोठे करून पाहावे. राजाकडे नव्हे, त्या पायी चालणाऱ्यांकडे. पागोटे कसे बांधले आहे, कंबरेला काय खोचले आहे, पायात काय आहे.

पेशवाईतल्या साधनांबाबत मात्र एक इशारा. ती विपुल आहेत आणि म्हणूनच फसवी आहेत. पुण्याच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने १७९०च्या दशकात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात काम करीत होता. त्याच्या हाताखाली गंगाराम तांबट या पुण्याच्या कलावंताने वेरूळ-कार्ल्याच्या लेण्यांची रेखाटने केली. वेल्सचे सवाई माधवराव आणि नाना फडणीस तुम्ही पाहिले आहेतच. १७९०च्या तहाचा दरबार वेल्सच्या अभ्यासचित्रांवरून पुढे टॉमस डॅनियलने रंगवला. ते भव्य चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. या चित्रांचे मोल अपार. पण पेशवाईतली सुबक पगडी तिथून उचलून तानाजीच्या सोबत्याच्या डोक्यावर ठेवता येत नाही. बाजारातल्या चित्रांपैकी निम्म्या मावळ्यांच्या डोक्यावर सव्वाशे वर्षे पुढची पगडी असते. पागोटे गुंडाळलेले असते, पगडी आधी बांधून ठेवलेली असते. इप्पॉक्सीची बारीक वळी लावून पगडीचे पागोटे करणे पाव तासाचे काम आहे.

आता एक ठोस प्रस्ताव मांडतो. पन्नासांची फौज सोडून द्या. शिवकालीन पायदळाचा सर्वांत लहान घटक म्हणजे नऊ पाइकांवर एक नाईक. दहा माणसे. एवढीच रंगवा आणि प्रसंग निश्चित करून रंगवा. प्रसंग ठरला की रंग आपोआप ठरू लागतात.

समजा, प्रसंग आहे १६६० सालच्या १३ जुलैचा, पन्हाळ्याहून विशाळगडाच्या वाटेवरचा. रात्रभर पावसात चालून आलेली माणसे आहेत. ओले सूत कोरड्यापेक्षा दोन छटा गडद दिसते आणि अंगाला चिकटते, म्हणून अंगरख्याच्या घेरावर कोरडा पांढरा उजेड नको. घोंगडीवर पाणी थेंबांनी थबकते. तिथे टोकांना बारीक चमक चालेल. गुडघ्यापर्यंत चिखल. त्या भागातली माती तांबडी आहे, तेव्हा धोतराचा खालचा भाग तांबूस तपकिरी. तलवारीचे पाते चंदेरी ठेवू नका. काळपट लोखंडी रंगावर धारेपुरतीच चकाकी. पायाखालचा खडक काळा बेसॉल्ट, त्यावर शेवाळे. विदेशी संचांसोबत येणारी पिवळी वाळू आणि सुकलेले गवत या खिंडीत कुठून येईल? तेच प्रतापगडाचा प्रसंग घेतला, १० नोव्हेंबर १६५९, तर पावसाळा संपला आहे, गवत पिवळे पडू लागले आहे, हवा कोरडी, कपड्यांवर चिखलाऐवजी धूळ. एकाच दहा जणांना दोनदा रंगवून पाहा. वेगळीच माणसे उभी राहतील.

यात एअरब्रशचे काम कुठवर? प्रायमर, वरून पडणारा उजेड, खडकाचा पाया, आणि सर्वांत शेवटी पायांवर उडवलेली धूळ किंवा चिखलाची झाक. दहाही जणांना हे एकत्र द्यावे, कारण ऊन, पाऊस आणि माती त्या सर्वांना समान होती. तिथून पुढे ब्रश. प्रत्येकाचे कापड वेगळे, त्वचा वेगळी, पागोट्याचा वळसा वेगळा. एकाचा अंगरखा खांद्यावर ठिगळाचा. एकाच्या मिशा पिकलेल्या.

काही आक्षेप येतील, त्यांतले दोन गंभीर आहेत. पहिला शुद्धतावाद्यांचा: जुन्या काळच्या माणसांना जुनेच रंग द्यावेत, प्लॅस्टिकचे ॲक्रिलिक कशाला? पोथीचित्रांतला तेजस्वी लाल हिंगुळाचा असे, म्हणजे पाऱ्याचे संयुग. पिवळा हरताळाचा, म्हणजे आर्सेनिकचे. ही द्रव्ये एअरब्रशमधून उडवण्याचा विचारही करू नये, आणि मुलांच्या हातात जाणाऱ्या आकृतीवर तर ब्रशनेही नको. आपल्याला हिंगुळाची छटा हवी आहे, हिंगूळ नको.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. एअरब्रश आणि कॉम्प्रेसर यांना काही हजार रुपये पडतात. मग हा खटाटोप पगारदार तरुणांचा होणार आणि कुंभारवाड्यातून दहा चित्रे घेणारे पोर त्यातून बाहेर राहणार. हे खरे आहे. म्हणूनच मी अचूकतेचा भार यंत्रावर टाकत नाही. न रंगवलेल्या सुताचा पिवळसर पांढरा, गेरू, निळसर काळा आणि तपकिरी एवढ्या चार बाटल्या आणि दोन आकड्याचा एक ब्रश यांवर वर सांगितलेले जवळजवळ सर्व काही होते. विकत घेतलेल्या नारिंगी मावळ्यावरही होते. आधी एक पातळ तपकिरी हात फिरवायचा, की झगझग विझते. माझ्या संकुलातल्या मुलांसोबत मी मागच्या दिवाळीत हेच केले. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, 'दादा, याचे नाव काय?' एकसारखी पन्नास चित्रे मांडताना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

जे मित्र कारखान्यात किंवा दुकानासाठी चित्रे रंगवतात, त्यांना हा उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. दिवाळीच्या तोंडावर हजारो नग उरकायचे असतात, तिथे एक फवारा हेच गणित बसते. बोलतो आहे ते आपल्याशी, ज्यांना घाई नाही, ज्यांच्याकडे साधने आहेत आणि ज्यांनी बखरी वाचल्याचा दावा केला आहे.

माझे दहा जण सध्या टेबलावर आहेत. नऊ झाले. नाईक राहिला आहे. त्याच्या पागोट्याला मंजिष्ठेचा लाल द्यावा, असे मनात आहे. तो टिकाऊ आहे आणि थोडा मान दाखवतो. पण खिंडीतल्या त्या पावसात भिजल्यावर लाल किती काळवंडेल, हे पाहायला मंजिष्ठेत रंगवलेली एक चिंधी मी कालपासून बादलीत घालून ठेवली आहे. छायाचित्र याच धाग्याखाली टाकीन. तुमच्याकडे कुसुंब्यात रंगवलेले जुने सुती कापड असेल, तर त्याचे उन्हातले आणि सावलीतले अशी दोन छायाचित्रे अवश्य जोडा.